पाढे पाठ असूनही वजाबाकी का अडते? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. लहान मुलांकडून घरी गणिताचा सराव कसा करून घ्यावा, यावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप मला असे समजले: काड्यांचे गठ्ठे आणि कागदाच्या पट्ट्या यांत मुलांचा वेळ जातो व पाठांतर मागे पडते, पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा आणि दीड यांचे पाढे) तोंडपाठ असलेल्या आपल्या पिढीला अपूर्णांकांची कधी भीती वाटली नाही, आणि ज्या घरांतले आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, त्या घरांत हा सराव घेणार कोण?

पाठांतराला माझा विरोध नाही. वीसपर्यंतचे पाढे न अडखळता आले पाहिजेत, कारण भागाकार करताना ज्याला सात आठे छप्पन्न आठवावे लागते, त्याचे लक्ष भागाकारावर राहतच नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी वस्तू हाताळावी, मग केलेली कृती तोंडाने सांगावी, मग ती अंकांत लिहावी आणि शेवटी पाठ करावी. हा क्रम उलटला की काय होते, ते एका वजाबाकीवरून दिसते. तिसरी-चौथीतल्या, पाढे खडाखडा म्हणणाऱ्या मुलाला ४०२ मधून १७८ वजा करायला सांगा. पुष्कळ मुले ३७६ असे उत्तर लिहितात. चारातून एक गेला, तीन उरले. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातातून शून्य काढले. दोनातून आठ जात नाहीत म्हणून आठातून दोन काढले. प्रत्येक ओळीतला हिशेब बरोबर आणि उत्तर चूक! हे मूल आळशी नाही आणि त्याचे पाठांतरही कच्चे नाही. त्याच्या लेखी ४०२ ही एक संख्या नसून शेजारी शेजारी उभे असलेले तीन सुटे अंक आहेत, आणि हा समज आणखी पाढे घोकून जात नाही.

तो हातांनी जातो. आपल्याकडे तुरीची काढणी झाल्यावर तुराट्यांना तोटा नसतो. बोटभर लांबीच्या काड्या मोडाव्यात, दहा काड्यांचा गठ्ठा दोऱ्याने बांधावा आणि असे दहा गठ्ठे एकत्र बांधून एक मोळी करावी. चारशे काड्या मोडत बसण्याची गरज नाही. शंभरपर्यंतचे काम काड्यांनी करावे आणि पुढे शंभर, दहा व एक रुपयाच्या कागदी नोटा घरीच तयार कराव्यात. मात्र नोटांनी सुरुवात करू नये, कारण दहाची नोट सोडली तरी आतून दहा रुपये निघत नाहीत, गठ्ठा सोडला की दहा काड्या समोर पडतात. आता ४०२ रुपयांतून १७८ द्यायचे आहेत. सुटे दोनच आहेत आणि दहाची नोट एकही नाही, म्हणून मूल शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घेते, त्यांतली एक मोडून दहा सुटे घेते आणि स्वतःच सांगते की आता तीन शंभराच्या, नऊ दहाच्या आणि बारा सुटे झाले. त्यातून एक, सात आणि आठ गेले की २२४ उरतात. वहीत शून्याच्या डोक्यावर ९ का लिहायचा, हे त्याला यानंतर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

संख्यांच्या नावांचा प्रश्नही याच ठिकाणी येतो. आपण ७३ लिहिताना आधी सात लिहितो, पण 'त्र्याहत्तर' म्हणताना आधी तीन उच्चारतो, म्हणून ऐकून लिहिणारे मूल ३७ लिहिते. एकोणसाठला तर अनेक मुले ६९ लिहितात. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली रूढ नावांच्या जोडीने 'सत्तर तीन' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. त्या वेळी भाषेच्या काळजीने जे बोलले गेले त्याचा मी आदर करते, पण घरी सराव घेताना दोन्ही रीती वापराव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. सात गठ्ठे व तीन सुट्या काड्या मांडून मुलाने आधी 'सत्तर तीन' म्हणावे आणि लगेच 'त्र्याहत्तर' म्हणावे. रूढ नाव त्यामुळे पुसले जात नाही, उलट ते कशाचे नाव आहे हे कळते.

आता पावकीविषयी. आपला अनुभव खरा आहे, पण त्यामागे एक कारण होते, ते विसरून चालणार नाही. रुपयाचे सोळा आणे होते, मणाचे चाळीस शेर होते, आणि आपल्या मराठवाड्यात तर निजामाचा हाली सिक्का व इंग्रजांचा कलदार रुपया अशी दोन नाणी एका बाजारात चालत. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार हा हिशेब दुकानदाराला रोज करावा लागे. पाव आणि पाऊण मुलाच्या कानावर दिवसभर पडत आणि डोळ्यांसमोर मोजले जात. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले. पावकी ज्या व्यवहाराच्या आधाराने उभी होती, त्यातला मोठा भाग निघून गेला. आजच्या मुलाकडून नुसती पावकी पाठ करून घेतली, तर 'सात पाव म्हणजे पावणेदोन' हे त्याला म्हणता येईल, पण पावणेदोन ही संख्या एक आणि दोन यांच्या मध्ये, दोनच्या जवळ आहे, हे दाखवता येईलच असे नाही.

म्हणून कागदाची पट्टी. आपण तिला खेळ म्हटले आहे, तर तो खेळ इथे पूर्ण मांडते. बारा सेंटिमीटर लांबीची पट्टी कापून तिला 'एक' म्हणावे. मधोमध घडी घातली की अर्धा, पुन्हा घातली की पाव, तिसऱ्यांदा घातली की आठवा भाग. आठ हा आकडा चारपेक्षा मोठा असूनही आठवा भाग पावापेक्षा लहान का, हे मुलाच्या हातात दिसते. मग अर्धा अधिक एक तृतीयांश विचारावे. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश असे उत्तर देणारी मुले सहावी-सातवीतही भेटतात. पट्टीवर अर्धा म्हणजे ६ सेंटिमीटर, एक तृतीयांश म्हणजे ४, दोन्ही मिळून १०, म्हणजे बारातले दहा, अर्थात पाच षष्ठांश. आणि मुलाने सांगितलेले दोन पंचमांश मोजले तर ५ सेंटिमीटरही भरत नाहीत. आपण ज्या अर्ध्यात भर घातली, त्या अर्ध्याहूनही उत्तर कमी आले हे पाहिल्यावर मूल स्वतःच थांबते. भाकरीने हे काम पूर्ण होत नाही. भाकरीचे तुकडे सारखे पडत नाहीत, आणि सव्वा किंवा दीड या एकापेक्षा मोठ्या संख्या आहेत ही गोष्ट एकाच भाकरीत मावत नाही. अशा दोन पट्ट्या एकापुढे एक ठेवून शून्यापासून दोनपर्यंत खुणा केल्या की मावते.

इतके झाल्यावर, म्हणजे साधारण चौथीत, पावकी आणि दिडकी दहापर्यंत अवश्य पाठ करून घ्यावी. तिथे मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे. साठ रुपये किलोची तूरडाळ सव्वा किलो घेतली तर पंचाहत्तर रुपये, हे उत्तर कागदाशिवाय आलेच पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे. जी मुले आईवडिलांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात, त्यांच्यापर्यंत घरच्या सरावाचा कोणताही लेख पोहोचणार नाही. त्यांच्यासाठी गावातले हंगामी वसतिगृह आणि शिक्षक हेच हवेत, आणि ती जबाबदारी घरावर ढकलावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण जी मुले आजी-आजोबांजवळ गावात राहतात, त्यांच्या घरात गणित जाणणारे कोणी नाही, हे मला मान्य नाही. शाळेचे तोंड न पाहिलेली आजी आठवडी बाजारात पावशेराचा आणि अडीच किलोचा हिशेब तोंडी करते. आजोबांना विचारावे की दीड एकर तीन भावांत वाटले तर प्रत्येकाला किती. एकराचे चाळीस गुंठे, दीड एकराचे साठ, म्हणून प्रत्येकी वीस, म्हणजे अर्धा एकर, हे ते कागद न घेता सांगतात. नातवाने तेच वहीत लिहावे: दीड भागिले तीन बरोबर अर्धा. आजोबांना शिकवायचे काहीच नाही. त्यांनी आपला हिशेब मोठ्याने बोलून दाखवावा, एवढेच पुरे.

याच घरातला सातबाराही पुढे पाचवी-सहावीत उपयोगी पडतो. त्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते आणि शंभर आर म्हणजे एक हेक्टर. १.५ आणि १.२५ यांत मोठी संख्या कोणती, असे विचारले की पंचवीस हा पाचापेक्षा मोठा म्हणून १.२५ असे सांगणारी मुले खूप आहेत. तीच मुले एक हेक्टर पन्नास आर आणि एक हेक्टर पंचवीस आर यांत कधी चुकत नाहीत. १.५ च्या पुढे शून्य लिहून १.५० करायला सांगावे, आणि मग १.०५ हेक्टर म्हणजे किती आर, ते विचारावे. एकशे पाच असे उत्तर आले तर दशांश आणि शतांश यांची स्थाने पक्की झाली. एकशे पन्नास आले तर पुन्हा गठ्ठ्यांकडे वळावे, फक्त या वेळी अख्ख्या मोळीला एक म्हणावे, म्हणजे गठ्ठा हा दशांश आणि सुटी काडी हा शतांश होतो.