आतडे कोणाचे?

गेल्या शनिवारी पुण्यातील एका वाद्यांच्या दुकानात एका वयोवृद्ध गृहस्थांनी माझ्या संगीतसाधनेचा चारचौघांत जो निकाल लावला, तो मला अजून पचलेला नाही. मी डबल बेस वाजवतो, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातील ते सर्वांत थोरले, माणसापेक्षा उंच वाद्य, जे घेऊन लिफ्टमध्ये शिरले की शेजारी आपण होऊन जिन्याकडे वळतात. त्याच्या पोलादी तारा उतरवून तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून वळलेल्या, तारा चढवण्याचे मी ठरवले होते. अशा तारा आपल्याकडे सहसा मिळत नसल्यामुळे, त्या परदेशातून मागवून देण्याचे कबूल केलेल्या दुकानदारासमोर मी मोबाइलवरचा तक्ता उघडून उभा होतो.

हा हट्ट निव्वळ हौसेचा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बेसला तातच असे. पोलादी तारा सर्रास झाल्या त्या नंतर. पोलादी तार छेडली की तिचा नाद लांबत राहतो, तातीचा मात्र पिंजाऱ्याच्या धनुकलीसारखा एक घुमारेदार ठोका पडतो आणि लगेच विरतो, आणि जुन्या जॅझच्या ठेक्याला नेमके तेच हवे असते. चार्ली हेडन यांच्यासारख्या थोर बेसवादकाने पोलादाच्या जमान्यातही वरच्या दोन तारा तातीच्याच ठेवल्या होत्या. अर्थात, त्यांना कधी पुण्यात जुलै काढावा लागला नव्हता. तात हवेतला ओलावा पिते, फुगते आणि सूर सोडते. 1935 साली लिऑन ॲबी यांचा जॅझ बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला, तेव्हापासून त्या समुद्रकाठी जे कोणी बेसवादक उभे राहिले असतील, त्यांनी पावसाळ्यात प्रत्येक गाण्याआधी किती वेळा खुंट्या पिळल्या असतील, याचा विचार केला की मला त्यांचे वादन अधिकच गोड वाटू लागते.

आता निवड करायची म्हणजे नेमके काय करायचे? चार तारांपैकी ‘जी’ आणि ‘डी’ या वरच्या दोन नुसत्या तातीच्या घेता येतात. ‘ए’ आणि ‘ई’ या खालच्या दोन नुसत्या तातीच्या घेतल्या, तर त्या इतक्या जाड होतात की त्यांतून सुरापेक्षा गुरगुरच जास्त निघते, म्हणून त्यांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. सतराव्या शतकात सापडलेली ही युक्ती आजही तेवढीच महाग आहे. शिवाय जाडी हलकी, मध्यम की भारी, वरून रोगण लावलेली की कोरडी, मेंढीची की गायीची, असे पर्याय असतात. मेंढीच्या मुद्द्यावर मी ठाम होतो आणि महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला त्याची कारणे सांगण्याची गरज नसावी. या तक्त्याकडे पाहत मी दुकानदाराला म्हणालो, “‘जी’ मध्यम जाडीची घेतली, तर आतडं फार सैल तर नाही ना वाटणार?”

त्यासरशी शेजारी टाळ निवडत असलेल्या गृहस्थांनी मान वळवली. पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, हातात टाळांची जोडी आणि चेहऱ्यावर तपास अधिकाऱ्याचा भाव.

“आतडं?” त्यांनी विचारले. “कोणाचं?”

“मेंढीचं,” मी म्हणालो.

“आणि ते तुम्ही वाजवणार?”

“त्याची तार करतात, काका. पूर्वीपासून करतात. आपल्या सारंगीलासुद्धा तातच असते.”

“सारंगी आमच्या मंडळात नाही,” असे म्हणून त्यांनी सारंगीचा विषय संपवला. “मेंढी काय, मांजर काय, एकूण सारखंच.”

मांजराच्या आतड्याशी या तारांचा काही संबंध नाही, हे मी सांगू लागलो, तर ते म्हणाले, “मांजराचं नाव तुम्ही काढलंत का मी?” ते त्यांनीच काढले होते; परंतु त्यांच्या आवाजात असा काही निर्वाळा होता की दुकानदारानेही माझ्याकडे संशयाने पाहिले. मग माझाही संयम सुटला. “काका, तुमच्या पखवाजाला काय मांजरपाट लावलंय? बकऱ्याचं कातडंच आहे ना ते?”

गृहस्थ क्षणभरही अडखळले नाहीत. “कातडं बाहेरचं असतं,” ते शांतपणे म्हणाले. “आतडं आतलं.”

या वाक्याला उत्तर नाही. मी त्यावर घरी येऊन दोन वेळच्या जेवणांदरम्यान विचार केला आहे आणि अजूनही उत्तर नाही.

एवढ्यावर ते थांबले असते, तर मी त्यांना माफ केले असते. पण टाळ खाली ठेवून त्यांनी तक्त्यातील किंमत वाचली, चष्मा पुसून ती पुन्हा वाचली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “अहो, आमच्या सोसायटीत गवत कापायचं मशीन आहे. त्याला नायलॉनची दोरी असते. जाडजूड, तुटत नाही, पावसात भिजली तरी तिला काही होत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती लावा आणि उरलेल्या पैशांत मुलांना काही घ्या.” दुकानदार मोठ्याने हसला. मी हसलो नाही, कारण तार फळीवर आपटून वाजवण्याच्या शैलीतले कित्येक अमेरिकी वादक नेमकी तीच, गवत कापण्याच्या यंत्राची दोरी बेसला लावतात आणि त्यांचे छान चालते, हे मला चांगले ठाऊक होते. ते मी तिथे बोलून दाखवले नाही आणि यापुढेही दाखवणार नाही.

मला खरी चीड आली ती नंतरच्या दृश्याची. या गृहस्थांनी दुकानातील टाळांच्या पाच-सहा जोड्या एकामागून एक कानाशी नेऊन खणखणावल्या, दोन नापसंत केल्या, एकीची दोरी बदलून घेतली, बाहेर उजेडात जाऊन काठ तपासले, पन्नास रुपये कमी करवले आणि मगच पैसे दिले. मी मात्र त्यांच्या खरेदीच्या कित्येक पट रक्कम देऊन जी वस्तू मागवणार होतो, तिचा आवाज मी ऐकणार नव्हतो, ती हाताळणार नव्हतो, आणि पाकीट एकदा उघडले की परत घेतली जात नाही, हे दुकानदाराने दोनदा बजावले होते. तारा जाड निघाल्या, तर वाद्याच्या मानेच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात, तिच्या खाचा कानशीने रुंद कराव्या लागणार. एकदा रुंद केल्या की त्यांत जुन्या पोलादी तारा नीट बसणार नाहीत. ऐकून, पारखून घेण्याची सोय टाळकऱ्याला आहे आणि आम्हाला नाही. आम्ही दूरदेशीच्या अनोळखी वादकांनी वापरलेल्या ‘उबदार’ आणि ‘मातकट’ अशा शब्दांवर घरचे पैसे लावायचे.

अखेर मी हेडन यांचा मार्ग धरला. वरच्या दोन तारा मेंढीच्या, रोगण लावलेल्या, मध्यम जाडीच्या घ्यायच्या आणि खालच्या दोन पोलादीच ठेवायच्या, म्हणजे निम्मा खर्च आणि निम्मी बेअब्रू वाचते. दुकानदाराने सगळे पैसे आगाऊ घेतले आणि सीमाशुल्क पडले तर ते वेगळे द्यावे लागेल, असे सांगितले. त्याच्या संगणकात या मालासाठी नोंदच नव्हती. बराच वेळ शोधून त्याने मला जी पावती दिली तीवर ‘गिटार तार (मोठी), नग 2’ असे छापलेले होते, आणि गृहस्थांनी ती माझ्या हातातून घेऊन वाचली व “गिटार आहे होय, मग आधी सांगायचं ना,” असे म्हणून ते निघून गेले.