‘ड्रम धुतलाय, बूच उघडं आहे, मार टाका’

कारागिरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय: तेलाचा रिकामा ड्रम पाण्यानं धुवा, दिवसभर उन्हात ठेवा, बूच उघडून बिनधास्त गॅस वेल्डिंग करा. आणि पाइप नवा कोरा असेल तर एवढंही करायला नको. हा सल्ला जीव घेणारा आहे.

‘ड्रम रिकामा आहे.’ भरलेल्यापेक्षा रिकामाच जास्त घातक. हवेत पेट्रोलची वाफ साधारण १.४ ते ७.६ टक्के असली की भडका उडतो. २०० लिटरच्या ड्रममध्ये तेवढी वाफ व्हायला वीसेक मिलीलिटर पेट्रोल पुरतं. तळ जिथं दुमडून बसवलेला असतो त्या घडीत बोट शिरत नाही, तेल मात्र शिरतं आणि तिथंच राहतं.

‘धुतलाय, वाळलाय.’ तेल पाण्यात विरघळत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसून राहते. डिझेल काडीनं पटकन पेटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ॲसिटिलीनची ज्योत ३,००० अंशांच्या वर जाते, पत्रा तापला की घडीतल्या डिझेलचीही वाफ होते.

‘बूच उघडं आहे.’ स्फोटाचा दाब तेवढ्याशा भोकातून वेळेत बाहेर पडत नाही.

कुणी ऑक्सिजन मारून ड्रम साफ करायला सांगितलं, तर त्याला तिथंच थांबवा. तेलकट पत्र्याशी ऑक्सिजन आला की आग भडकायला निमित्तच लागत नाही.

आता नवा पाइप. दोन्ही तोंडं बंद केलेल्या चौकोनी पाइपातली हवा २७ वरून ३२७ अंशांवर गेली तर दाब दुप्पट होतो. वेल्डिंगचा शेवटचा टाका (जोड) जुळत आला की वितळलेला धातू फुगतो, फुटतो, ठिणग्या तोंडावर येतात आणि टाक्यात बारीक छिद्र उरतं, ते याचमुळे. दुरुस्तीला आलेल्या जुन्या गेटच्या खांबात पावसाचं पाणी साचलेलं असतं. त्यातल्या एका मिलीलिटरची वाफ दीडेक लिटर होते.

म्हणून पॅक पाइपाला आधी ड्रिलनं भोक पाडा, तेही ज्योतीपासून लांब. पाणी असेल तर काढून टाका. काम पूर्ण गार झाल्यावर भोक स्क्रूनं बुजवा. तेलाच्या टाकीचं काम टाळताच येत नसेल, तर ती वाफेनं साफ झाली पाहिजे, आत नायट्रोजन भरला पाहिजे आणि आत पेटणारी वाफ उरली आहे का ते गॅस मीटरनं तपासल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च पेटता कामा नये. ही सोय गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये नसते. तिथं अशा ड्रमचं काम घेऊच नका, ड्रम कापून भट्टी करायची असली तरी त्याऐवजी नवा पत्रा आणा.