पाव तोळ्याचा पाहुणा

हमिंगबर्ड आमच्या दारी यावा म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मी जेवढी तयारी केली, तेवढी माझ्या लग्नात मुलीकडच्यांनीही केली नव्हती. हे वाक्य मी बायकोसमोर बोललो, ही त्या उन्हाळ्यातली पहिली चूक.

खूळ ऑफिसात लागलं. एका सहकाऱ्याने फोनवर व्हिडिओ दाखवला: डेकवर टांगलेला लाल फीडर आणि त्याच्यापुढे हवेतल्या हवेत थबकलेला एक हिरवा ठिपका. म्हणाला, "काही करावं लागत नाही. साखरपाणी टांगायचं, येतात आपोआप." हे ‘आपोआप’ मला पुढे पाच महिने पुरलं.

न्यू जर्सीत निवडीला वाव नाही. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला एकच जात घरटं करते, रुबी-थ्रोटेड. नराच्या गळ्याला माणिक जडवल्यासारखा लाल रंग, तोही ऊन योग्य कोनातून पडलं तरच. एरवी गळा नुसता काळा दिसतो. एप्रिल संपता संपता ही मंडळी दक्षिणेकडून येऊन पोचतात. मी मुहूर्त चुकू नये म्हणून आठवडाभर आधीच फीडर टांगला. सोबत नेक्टरची लाल पूडही आणली होती. घरी येऊन वाचलं तर कळलं, रंगाची काही गरज नाही, उलट तो न घातलेलाच बरा. पूड कचऱ्यात गेली. साधी पांढरी साखर एक भाग, पाणी चार भाग, बस्स.

आई मेमध्ये कराडहून आली तेव्हा फीडर टांगून तीन आठवडे झाले होते. तोवर येऊन गेलेल्यांत मुंग्या होत्या, आणखी मुंग्या होत्या आणि एक खार होती. खार म्हणजे आपली पाठीवर रामाची बोटं असलेली नव्हे, इथली राखाडी, अंगापिंडाने मांजराशी स्पर्धा करणारी.

आईने फीडरमधला थेंब बोटावर घेऊन चाखला आणि तिचा चेहरा पडला. "अरे, हे काय पांचट! एकतारी तरी कर. पाहुण्याला असलं देतात का?"

मी सांगितलं, फुलातला रस साधारण एवढाच गोड असतो.

"मग गूळ घाल थोडा. पौष्टिक."

गुळातलं लोह त्यांना सोसत नाही आणि मधाच्या पाण्याला बुरशी लवकर धरते, हे मी समजावलं. वेलचीबद्दल तिने विचारलं, तेव्हा मी विषय बदलला.

"एवढं करतोस, पण आहे तरी केवढा तो?"

"तीन ग्रॅम."

आईच्या डोक्यात ग्रॅमला किंमत नाही. तिने मनातल्या मनात सोनाराचा हिशेब केला. "म्हणजे पाव तोळा! आमच्या जास्वंदीवर रोज शिंजीर येतो बाबा, फुकट. त्याला कुणी सरबत करून घालत नाही."

शिंजीर वेगळा, तो सहसा फांदीवर बसून रस पितो. हमिंगबर्ड अमेरिका खंडांच्या बाहेर कुठेच नाहीत. तो सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवतो, मागेसुद्धा उडतो, असं सगळं मी ऐकवलं. "मागे उडून जायचंय कुठे त्याला?" असं म्हणून ती आत गेली.

मुंग्यांवरचा उपाय मात्र तिने लगेच ओळखला. मी फीडरच्या वर अडकवायचा पाण्याचा लाल कप मागवला होता. तारेवरून उतरणाऱ्या मुंग्यांची वाट त्या पाण्यापाशी संपते. आईने तो उलटसुलट करून पाहिला आणि किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ती म्हणाली, "आपल्या दुधाच्या कपाटाच्या चार पायांखाली चार वाट्या होत्या, आठवतात? त्यातली एक आणली असती मी येताना."

आता कबुलीजबाब. आईला साडी उन्हातच वाळवायची असते आणि आमच्या वसाहतीत डेकवर कपडे वाळत घातलेले चालत नाहीत. यावरून रोज धुसफूस व्हायची. एका सकाळी तिने मी अंघोळीला गेलेलो पाहून कठड्यावर लाल सुती साडी पसरली. मी डोकं पुसत बाहेर आलो, तर साडीसमोर वीतभर अंतरावर हवेत तो उभा! काठापासून पदरापर्यंत त्याने तपासणी केली, कुठे रस लागतो का ते पाहिलं आणि दुकानात काही न घेता निघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा भुर्रकन गेला. लाल दिसेल ते एकदा बघून घ्यायचं, हा त्यांचा स्वभावच.

फीडरकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पण त्या दिवसापासून नियम गेले चुलीत. मीच फीडरजवळ दोरी बांधली आणि आईला विनवलं, "ती लाल साडी आज पुन्हा धू ना."

"कालच धुतलीय."

"मळलीय गं थोडी."

चौथ्या दिवशी त्याने फीडरला चोच लावली. आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या खिडकीला नाकं लावून उभे. पोळी करपली, कुणी काही बोललं नाही.

पक्षी येत नाही हे दुःख होतं, पण आलेला पक्षी हे प्रकरणच निराळं निघालं. साडीसाठी बांधलेल्या दोरीवर साहेबांनी ठाण मांडलं. दोन घोट प्यायचे, दोरीवर बसायचं आणि उरलेला दिवस बाटलीवर पहारा. दुसरा हमिंगबर्ड दिसला की चिडून टिकटिकत असा अंगावर जायचा, की आलेला जीव घेऊन पळायचा. माद्यांनाही सोडेना. एकदा भुंग्याच्या मागे लागला. स्वतः पिऊन पिऊन किती पिणार? बाटलीत दीड कप साखरपाणी, आणि तो पाव तोळ्याचा. आई दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या भावकीत असाच एक होता. विहिरीवर बसून राहायचा."

बाकीचं पाणी मी ओतून द्यायचो, कारण जुलैच्या उकाड्यात ते दोन दिवसांत गढूळ होतं, आणि बाटली नीट घासली नाही तर काळी बुरशी धरते. दर दोन दिवसांनी लहान मुलांच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश घेऊन मी बेसिनशी उभा. बायको मागून म्हणाली, "पोरीच्या वेळी इतक्या बाटल्या धुतल्या असत्यास, तर दुसऱ्याचाही विचार केला असता."

भांडखोरावर उपाय म्हणजे दुसरा फीडर, पहिल्याच्या नजरेआड. मी तो घराच्या पुढच्या दाराशी लावला. साहेब दोन दिवसांत छपराच्या कण्यावर जाऊन बसले. तिथून दोन्ही बाजू दिसतात. मला आता चार दिवसांत चार बाटल्या.

ऑगस्ट संपायच्या सुमारास एका सकाळी दोरी रिकामी. मोठे नर सगळ्यांत आधी निघतात. चुटपुट लागली, ती दुपारपर्यंतच. दुपारी दोन माद्या आल्या, मग यंदाची दोन पिल्लं. अन्नछत्र उघडलं होतं. आईने खिडकीतून मोजले आणि मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "आज अख्खा तोळा आलाय!"

सप्टेंबरात दोन तयाऱ्या शेजारी शेजारी चालल्या. बाहेर ते पीत होते, कारण जाण्याआधी चरबी साठवून त्यांचं वजन जवळपास दुप्पट होतं. त्यांच्यातले बरेच जण पुढे मेक्सिकोच्या आखातावरून आठशे-एक किलोमीटर न थांबता उडून जातात, मध्ये टेकायला फांदीसुद्धा नाही. आत बाथरूममधल्या काट्यावर आईची बॅग होती. तेवीस किलोची मर्यादा, काटा पंचवीसवर. बदाम काढले, नातेवाइकांची चॉकलेटं काढली, मग तिने नाइलाजाने प्रेशर कुकर काढला. खिडकीबाहेर एक मादी पंधराव्यांदा येऊन पीत होती.

"बघ," आई म्हणाली, "तिला चालतं जास्तीचं वजन. अर्धा तोळा होऊन निघेल ती. आणि मी मुंबईला जाईपर्यंत तीनदा खायला देणार, तरी माझाच कुकर जड."

ती गेल्यावर शेजारच्या आजोबांनी कुंपणावरून सल्ला दिला: फीडर उतरव, नाहीतर खाण्याच्या लोभाने पाखरं थंडीतही इथेच राहतील. तसं नसतं, दिवस लहान होऊ लागला की त्यांना जायची ओढ लागतेच, आणि उत्तरेकडून मागाहून येणाऱ्याला वाटेत घोटभर मिळालेलं बरं. मी फीडर ठेवला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कराडहून फोन आला. माझी तब्येत नाही, नातीचा अभ्यास नाही, पहिला प्रश्न, "आज किती?"

"पाव तोळा."

"मग बाटली काढू नकोस एवढ्यात. आणि ऐक, आता मी नाही बघायला, तर साखर जरा सढळ हाताने घाल."