‘झोपलेल्या गवताला पाणी कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या हिवाळ्यात लॉनला पाणी कसं द्यावं यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ती ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं: हिवाळ्यात गवत झोपलेलं असतं, झोपलेल्या गवताला पाणी पाजणं हा डॉलरवाल्यांचा थाट. कोलोरॅडो नदी आटत चालली असताना केंटकी ब्लूग्रास हे लॉनचं गवत लावणंच चूक, बफेलो ग्रास लावा. खत आणि एरेशन (लॉनमध्ये भोकं पाडणं) म्हणजे कंपन्यांनी लावून दिलेली खुळं. आणि शेवटी, ‘टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं माणूस असं लिहिणार नाही.’

या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते, कारण बाकीची सगळी प्रतिक्रिया त्याच सुरात लिहिलेली आहे.

मी सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडीची. टेंभू योजनेचं पाणी यायच्या आधीच्या आटपाडीत वाढले. घरची डाळिंबाची बाग होती, आणि उन्हाळ्यात ती विकतच्या टँकरवर जगवलेली आहे. टँकर शेततळ्यात रिकामा होत असताना पाइपाच्या जोडातून गळणाऱ्या पाण्याखाली आई घमेलं धरायची. ते पाणी दारातल्या तुळशीला आणि शेवग्याला जायचं. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नाही. पण माहीत नसताना समोरच्याचं सगळं आयुष्य एका वाक्यात निकालात काढायचं, ही कुठली रीत? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

आता झोपेबद्दल. डाळिंब ज्यांनी केलंय त्यांना ताण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड बघणाऱ्याला मेल्यासारखं दिसतं. म्हणजे तुमच्या भाषेत झोपतं. मुरमाड रानात ताण लवकर बसतो, भारी जमिनीत जास्त दिवस लागतात. त्या दिवसांत आमचे अप्पा सकाळी बागेतून फिरताना काडीची साल नखानं खरवडून बघायचे. खाली हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडे. ताण हवा असतोच, पण तो किती, हे ज्याला कळत नाही त्याच्या बागेत फांद्या वाळत जातात आणि पुढे झाडच जातं. झोपलेलं झाडही पाण्यावाचून मरतं, हे मला अमेरिकेत येऊन कळलेलं नाही.

गवताचंही तेच आहे. ब्लूग्रासची पाती हिवाळ्यात पिवळी-तपकिरी पडतात, पण पात्याचा बुंधा आणि जमिनीखालून धावणारे धुमारे जिवंत असतात. त्यांना थोडी का होईना, ओल लागते. हे गवत थंडीनं मरत नाही. केंटकी ब्लूग्रास थंड हवेचंच गवत आहे, उणे वीस अंश ते सहज काढतं. मारतो तो कोरडेपणा. डेन्व्हर १,६०० मीटर उंचीवर, रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेत. पाऊस आणि वितळलेला बर्फ मिळून वर्षाला साधारण ३६० मिलिमीटर पाणी पडतं, आणि त्यातही डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यात कोरडे. लोकांना वाटतं इथं हिवाळाभर बर्फाची चादर असते. नसते. बर्फ पडतो, दोन-चार दिवसांत उन्हानं जातो, मग चिनूक वारे पर्वतावरून कोरडे आणि ऊबदार होऊन खाली येतात आणि जानेवारीत दुपारी पंधरा अंश होतात. दक्षिणेच्या उतारावर त्या उन्हात गवताला जाग येते, पाण्याची वाफ सुरू होते, आणि खालची जमीन एक तर गोठलेली किंवा कोरडी ठाक. मुळांनी पाणी आणायचं कुठून?

२०२१ चा हिवाळा आठवा, किंवा त्याची माहिती काढून बघा. त्या वर्षी डेन्व्हरमध्ये पहिला बर्फ पडला तो १० डिसेंबरला, इथल्या नोंदींतला सर्वांत उशिराचा. आणि ३० डिसेंबरला डेन्व्हरजवळच्या बोल्डर काउंटीत मार्शल फायर नावाचा वणवा लागला. ताशी दीडशे किलोमीटरच्या वर गेलेला वारा आणि माळावरचं वाळून कोळ झालेलं गवत. सुपीरियर आणि लुइसव्हिल या गावांतली हजाराहून जास्त घरं गेली. ऐन डिसेंबरच्या शेवटी! इथला हिवाळा म्हणजे ओला गारठा नव्हे, हे मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तो परिच्छेद वाचला असता तर ‘थाट’ हा शब्द लिहायला हात थोडा अडखळला असता.

हवं तर मार्चमध्ये माझ्या घरी या आणि दक्षिणेकडच्या भिंतीलगतची पट्टी बघा. मूठभर गवत बुंध्याशी धरून हलकं ओढायचं. जिवंत असेल तर ते धरून राहतं, आणि पात्याची खालची खोळ नखानं सोलली की आत पांढरट, घट्ट बुंधा दिसतो. मेलेलं असेल तर अख्खा झुबका गवताच्या पेंढ्यासारखा हातात येतो, बुंधा तपकिरी आणि ठिसूळ. मग एक पांढरा कागद खाली धरून कडेचं गवत झटकायचं. कागदावर मोहरीच्या दाण्याहून बारीक ठिपके चालायला लागले तर ते कोळी, म्हणजे गवताचा रस शोषणारे माइट. क्लोव्हर माइट आणि बँक्स ग्रास माइट हे इथले हिवाळ्यातले कोळी कोरड्या लॉनवरच माजतात. त्यांच्यावर फवारणीच्या आधीचा उपाय पाणी हाच आहे.

आणि हे पाणी किती? कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्स्टेंशन (कृषी विस्तार) विभागाचा सल्ला मी लेखात दिला होता, पुन्हा देते. ऑक्टोबर ते मार्चमध्ये बर्फ-पाऊस नसलेला लांब पट्टा आला तरच, महिन्यातून एक-दोनदा. तापमान चाळीस फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेचार सेल्सिअसच्या वर, जमीन गोठलेली नको, वर बर्फ नको, आणि वेळ दुपारची, म्हणजे रात्री गोठायच्या आत पाणी मुरतं. स्प्रिंकलरच्या नळ्या ऑक्टोबरमध्येच हवा मारून रिकाम्या केलेल्या असतात, त्यामुळे हे पाणी साध्या पाइपानं द्यायचं आणि काम झाल्यावर पाइप नळावरून काढून ठेवायचा. तो तसाच राहिला तर आत अडकलेलं पाणी गोठून भिंतीतली नळी फुटते.

मी सगळ्या लॉनला हिवाळ्यात पाणी देत नाही. उत्तरेची बाजू सावलीत असते, तिथं बर्फ टिकतो, तिला हातही लावत नाही. धोका असतो तो दक्षिण आणि पश्चिम उताराला, आणि नव्यानं लावलेल्या गवताला. आधी पेचकस जमिनीत खुपसून बघायचा. सहज गेला तर ओल आहे, पाइप बाहेर काढायचं कारण नाही. वीस चौरस मीटरच्या पट्टीला बारा मिलिमीटर पाणी म्हणजे २४० लिटर. ती पट्टी मेली तर मेमध्ये नवं सॉड, म्हणजे मुळांसकट कापलेल्या गवताच्या पट्ट्या, आणून अंथरायचं, आणि ते मूळ धरेपर्यंत पहिले काही आठवडे जवळजवळ रोज ओलं ठेवायचं. आता तुम्हीच हिशेब करा, पाणी कोण वाया घालवतंय. पाणी वाचवण्याची भाषा करायची तर लिटरमध्ये करा.

बफेलो ग्रासला माझ्या लेखात एकच ओळ मिळाली, ती अपुरी होती, हे मान्य. ते इथल्या माळरानाचं मूळ गवत, पाणी फार कमी लागतं, चांगलंच आहे. पण ते मेच्या मध्यापर्यंत जागं होत नाही, सावलीत टिकत नाही, आणि पोरांच्या रोजच्या खेळानं विरळ होतं. माझ्या अंगणात मोठं मॅपलचं झाड आहे आणि पोरं आहेत. विषय संपला.

कोलोरॅडो नदीचं म्हणाल, तर डेन्व्हरचं जवळपास निम्मं पाणी पर्वताच्या पलीकडून तिच्या खोऱ्यातून येतं, डिलन धरणाचं पाणी आणणारा रॉबर्ट्स बोगदा ३७ किलोमीटरचा आहे, हे सगळं मला ठाऊक आहे. तो प्रश्न मोठा आहे, पण तो उन्हाळ्याच्या पाण्याचा प्रश्न आहे. माझा लेख हिवाळ्यावर होता. नुसत्या शोभेच्या गवतावर कोलोरॅडो राज्यानं २०२४ मध्ये कायदा केला आणि २०२६ पासून व्यापारी इमारतींच्या नव्या आवारांत, रस्त्यांच्या दुभाजकांवर असं गवत लावता येत नाही. त्या कायद्याच्या बाजूनं मीच इथं लिहिलेलं आहे. जुने लेख चाळायची तसदी घेतली असती तर दिसलं असतं.

खत आणि एरेशनबद्दल फार बोलत नाही. इथली माती चिकण, दाबून बसलेली, पाणी वरून वाहून जातं. भोकं पाडून मातीच्या नळकांड्या काढल्या की पाणी आत उतरतं. वर्षातला महत्त्वाचा नत्राचा हप्ता शरद ऋतूत. यात कंपन्यांचा काय संबंध, ते मला तरी कळलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. तुमच्याकडे जमिनीची ओल, गवताची जात, पाण्याचा हिशेब यांवर काही असेल तर जरूर लिहा, त्याच दिवशी उत्तर देईन. मी कुठल्या रांगेत उभी राहिले आणि कुठल्या नाही, यावर मात्र पुन्हा लिहिणार नाही.