पंचनाम्यासारखं लिहायला कुणी शिकवलं असतं तर

काल रात्री एका धाकट्या मैत्रिणीचा फोन आला. तिचा सिनॉप्सिस, म्हणजे पीएचडीच्या विषयाचा आराखडा, आरआरसीतून (विद्यापीठाच्या संशोधन समितीतून) परत आला होता. रडत रडत म्हणाली, "ताई, माझं इंग्रजीच कच्चंय. माझ्याच्यानं पीएचडी होणार नाही." तिची बारा पानं मी मागवून घेतली आणि वाचली. इंग्रजीच्या चुका होत्या, पण दोन तास बसलं की निघतील अशा. मात्र बारा पानं संपली तरी तिला नेमकं काय शोधायचंय ते कुठंच सापडलं नाही. तीच पानं मराठीत असती तरी सापडलं नसतं.

आपल्या मराठवाड्यातल्या किती लेकरांना असंच "तुमचं इंग्रजी कच्चं" म्हणून परत पाठवलं जातं! ते ऐकून ती स्पोकन इंग्लिशचे क्लास लावतात. लिहायचं कसं हे त्यांना तिथंही कुणी सांगत नाही.

मी लातूर जिल्ह्यातली. झेडपीची शाळा, मग मराठी माध्यमातून बीए, एमए भूगोल. आता चार गावांतल्या बोअर आणि पाणीपातळीवर पीएचडीचं काम चालू आहे. माझ्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, 'पाणी हेच जीवन आहे.' दुसरं, 'पाण्याशिवाय मानवाचे अस्तित्व अशक्य आहे.' गाईड सरांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुला हा विषय का घ्यावा वाटला?" मी सांगत गेले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा मी नववीत होते. पहिल्या गाडीला पन्नास-पन्नास हजार लिटरच्या दहा टाक्या होत्या. शहरात गाडी आली, आणि आमच्या गावात त्याच उन्हाळ्यात रात्रभर बोअरच्या मशीनचा आवाज चालायचा. कुणाचा बोअर किती फूट गेला हेच माणसं पारावर बोलत बसायची. सर म्हणाले, "मग हेच लिही ना." माझी प्रस्तावना आज तिथूनच सुरू होते.

एमएला असताना मला हे कुणी विचारलं नव्हतं. लघुप्रबंध कसा लिहायचा म्हटलं, तर जुन्या वर्षाची बांधलेली प्रत हातात दिली, "याच्यासारखं करून आणा" म्हणाले. आम्ही सगळ्यांनी तसंच करून आणलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लिहिणं मला खऱ्या अर्थानं कळलं ते माझ्या काकांमुळे. काका तलाठी आहेत. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ते कित्येक दिवस चिखलातून बांधाबांधावर फिरत होते. पंचनाम्यात ते काय लिहितात ते मी शेजारी बसून पाहिलं. गट नंबर, पीक, क्षेत्र, किती नुकसान, खाली पंचांच्या सह्या. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते, त्यामुळं 'फार नुकसान झाले' असं लिहून भागत नाही. काकांचा जीव तुटत होता, पण ते त्यांनी कागदावर येऊ दिलं नाही. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच कागदावर.

घरी येऊन माझं तिसरं प्रकरण उघडलं. 'पाणीपातळी चिंताजनकरीत्या खालावली आहे.' कोणत्या महिन्यात मोजली? कशानं मोजली? त्याहून मोठी चूक तक्त्यात होती. काही बोअरची खोली पावतीवरून घेतलेली, काहींची शेतकऱ्यांनी आठवून सांगितलेली, आणि मी दोन्ही एकाच रकान्यात भरून सरासरी काढली होती! दोन रकाने वेगळे करायला आणि पुन्हा गावोगाव जाऊन विचारायला तीन आठवडे गेले. त्यानंतर मात्र प्रकरण आपोआप बसत गेलं. आधी काय आणि कसं मोजलं, मग काय दिसलं, आणि माझं मत त्यानंतर चर्चेत, 'या चार गावांपुरतं' असं बजावून.

सादरीकरणाचंही तेच. पहिल्या सेमिनारला दहा मिनिटांसाठी मी चौतीस स्लाइड नेल्या, त्यावर परिच्छेदच्या परिच्छेद, आणि ते वाचत सुटले. घंटा वाजली तेव्हा मी अभ्यासक्षेत्राच्या हवामानावरच होते. निष्कर्ष कुणाला दिसलेच नाहीत. एका मॅडमनी विचारलं, शेजारशेजारच्या दोन बोअरच्या पाण्यात एवढा फरक का? याचं उत्तर मला लहानपणापासून माहीत. आपल्याकडं खाली काळा पाषाण, बेसॉल्ट. पाणी राहतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसता फुफाटा. आमच्याच रानात एक बोअर चालतो आणि दुसरा कोरडा गेलाय. पण इंग्रजीत बोलायचं या धास्तीनं मी गप्प उभी राहिले.

आता मी आधी सगळं मराठीत बोलून बघते. मराठी विभागातली रूममेट घड्याळ लावून समोर बसते. आठच स्लाइड, पहिला नकाशा, आणि तिसऱ्या मिनिटाला मुख्य निष्कर्ष. तिला जिथं कळत नाही तिथं माझंच काम कच्चं असतं, हे मला बऱ्याचदा आढळलंय. इंग्रजी त्यानंतर. काही जण म्हणतात यात दुप्पट वेळ जातो. माझा तरी वाचला.

यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१९ मध्ये संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन क्रेडिटचा कोर्स पीएचडीला सक्तीचा केला, ते बरंच झालं. पण तोवर लेकरू उतारे उचलून लिहायला शिकलेलं असतं. उचलेगिरीबद्दलच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, म्हणून मुलं शब्द बदलून टक्का खाली आणत बसतात. नव्या शैक्षणिक धोरणात एमएच्या पहिल्याच वर्षी संशोधन पद्धतीचा पेपर आलाय. त्यात गृहीतकाच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी दर आठवड्याला एक पान लिहायला लावा, आणि प्राध्यापकांनी ते लाल पेनानं तपासून परत द्या. एवढी माझी कळकळीची मागणी आहे. वर्गात साठ मुलं असली की हे जड जातं, मला माहीत आहे. मग मुलांना एकमेकांचं पान वाचायला लावा, पण लिहायला लावाच.

त्या मैत्रिणीला मी रविवारी बोलावलंय. बारा पानं घरी ठेवून ये म्हटलंय. तुला काय शोधायचंय ते मराठीत, पाच ओळींत लिहून आण. आणखी कुणाचं काम असंच अडलं असेल तर तिच्यासोबत या. सकाळी दहाला, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर. चहा माझ्याकडून.