हायडीचे ५२ भाग आणि पीटरचा अपराध : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘हायडी’ या १९७४ च्या जपानी मालिकेवरील माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. आल्प्सच्या डोंगरावर आजोबांकडे राहायला आलेल्या अनाथ हायडीची गोष्ट सांगणाऱ्या, स्विस लेखिका योहाना स्पिरी यांच्या आटोपशीर कादंबरीत पाणी घालून तिचे ५२ भाग केले, कादंबरीचा प्राण असलेली ईश्वरश्रद्धा बाजूला सारली आणि शेळ्या राखणारा पीटर हायडीची चालू न शकणारी मैत्रीण क्लारा हिची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो तो प्रसंग बदलून कथा सौम्य केली. आपण मूळ पुस्तक बारकाईने वाचले आहे, हे प्रत्येक ओळीतून जाणवते. म्हणून सविस्तर लिहितो.

पहिला आक्षेप मला मुळीच मान्य नाही. गाठोडे वाहावे लागू नये म्हणून मावशीने हायडीच्या अंगावर एकावर एक कपडे चढवलेले असतात आणि चढणीवर उकडू लागताच ती ते उतरवून शेळ्यांमागे मोकळी धावत सुटते. पुस्तकात हे थोड्या परिच्छेदांत उरकते. मालिकेचा पहिला भाग मात्र बराचसा त्या चढणीवरच रमतो. पुढे आजोबा लांब काट्याला चीज टोचून विस्तवावर धरतात, ते फिरवत राहतात आणि मऊ, सोनेरी झाले की पावावर घालतात. हा प्रसंग स्पिरींचाच आहे, मालिकेने त्याला फक्त त्याचा वेळ दिला. जानेवारी ते डिसेंबर, आठवड्याला एक भाग, अशी ही मालिका चालली. त्यामुळे क्लाराच्या सोबतीसाठी फ्रँकफर्ट शहरातल्या बंद घरात नेलेली हायडी डोंगराच्या ओढीने झोपेत चालू लागते, तेव्हा प्रेक्षकही त्या डोंगरावर कित्येक आठवडे राहून आलेला असतो आणि तिची ओढ त्याला सांगावी लागत नाही. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, हायाओ मियाझाकी आणि पात्रांची रेखाटने करणारे योइची कोताबे १९७३ मध्ये मुद्दाम स्वित्झर्लंडला जाऊन आले होते आणि पुढे सर्व भागांच्या दृश्यांची मांडणी मियाझाकींनी केली. नुसती लांबी वाढवायची असती, तर इतके कष्ट कोणी घेतले नसते.

श्रद्धेबाबत आपले म्हणणे बरेचसे खरे आहे. पुस्तकात हायडी बायबलमधील उधळ्या पुत्राची, म्हणजे घर सोडून गेलेल्या मुलाला वडील क्षमा करतात ती गोष्ट आजोबांना वाचून दाखवते आणि दुसऱ्याच दिवशी आजोबा कित्येक वर्षांनी चर्चची पायरी चढतात. मालिकेत हा धागा फार विरळ झाला आहे. आजोबांचे मन तिथे मुलीच्या सहवासानेच निवळते. मला ते पटते, पण तो बदल आहे हे नाकारता येणार नाही.

पीटरच्या प्रसंगाने मात्र मला पुन्हा पुस्तक उघडायला लावले. हायडी आता क्लाराच्याच सोबत असते या मत्सराने खुर्ची ढकलून दिल्यावर, फ्रँकफर्टहून पोलीस येईल या भीतीने पीटरची झोप उडते. क्लाराची आजी त्याला शिक्षा न करता सांगते की, देवाने प्रत्येकाच्या आत एक छोटा पहारेकरी ठेवला आहे, वाईट करू पाहताच तो जागा होऊन टोचणी देतो. आणि वर त्याला दर आठवड्याला एक नाणे मिळण्याची सोयही करते. अपराध, भीती आणि क्षमा यांचे इतके नेमके चित्र मुलांच्या साहित्यात क्वचित सापडते. मालिकेत पीटर निर्दोष राहतो आणि सारा भार क्लाराच्या मनातील भीतीवर येतो. उभी राहायला घाबरणाऱ्या मैत्रिणीवर हायडी संतापते, तो क्षण मला आजही हलवून जातो. क्लारा त्यामुळे पुस्तकातल्यापेक्षा जिवंत झाली, यावर मी ठाम आहे. परंतु त्याची किंमत पीटरने मोजली, हे मी लेखात लिहायला हवे होते. पीटर तिथे साधा, भला सवंगडी होऊन राहतो, त्याला आतली बाजू उरत नाही.

‘मालिकेत पुस्तकातील काहीच हरवलेले नाही’ हे माझे वाक्य आज लेखातून काढले असून, त्या जागी पीटरविषयीचा एक परिच्छेद घातला आहे. बाकीचा लेख तसाच ठेवला आहे.