साहित्य अकादमी म्हणजे मंत्रालयाचं खातं? जरा थांबा

साहित्य अकादमीच्या पुरस्कारांची वेळ झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर हमखास फिरतो: 'अकादमी हे दिल्लीचं सरकारी खातं. नावं मंत्री ठरवतात. लेखकाला वशिला लावावा लागतो. आपल्याकडे एका अनुवादाला दिलेला पुरस्कार काढून घेतला, आठवतंय ना?'

आठवतंय की! म्हणून तिथूनच सुरुवात. डिसेंबर 2022 मध्ये रद्द झाला तो माओवादी चळवळीशी नाव जोडलं गेलेल्या कोबाड गांधींच्या आत्मकथनाच्या मराठी अनुवादाचा पुरस्कार. तो महाराष्ट्र शासनाचा होता. शासनानेच जाहीर केला, शासनानेच आठवड्याभरात निर्णय काढून मागे घेतला, त्यावर राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळातल्या काहींनी राजीनामे दिले. अकादमीचा त्यात काडीचाही संबंध नाही. पुरस्काराची दोरी थेट सरकारच्या हातात असली की काय होतं, याचा मात्र हा चांगला नमुना.

आता 'खातं'. अकादमीचं उद्घाटन 12 मार्च 1954चं. 1956 साली ती संस्था नोंदणी कायद्याखाली स्वायत्त संस्था म्हणून नोंदली गेली. पैसा संस्कृती मंत्रालयाकडून येतो, हे खरं. अकादमीचं सर्वोच्च मंडळ म्हणजे सर्वसाधारण परिषद, तिच्यावर केंद्राचे पाच प्रतिनिधी असतात, हेही खरं. पण त्याच परिषदेवर 24 भाषांचे प्रतिनिधी, 20 विद्यापीठांचे आणि साहित्यातले आठ मान्यवर बसतात. राज्य सरकारं नावं सुचवतात, त्यांतून निवड मावळती परिषद करते. पंतप्रधान नेहरूच पहिले अध्यक्ष होते, तेव्हा सोवळेपणाचा आव मीही आणत नाही.

अध्यक्ष वरून नेमला जात नाही, परिषद मतदान करते. 2018 साली चंद्रशेखर कंबार यांना 56 मतं पडली, प्रतिभा राय यांना 29, आणि आपल्या नेमाडेंना चार. ज्ञानपीठ मिळालेला माणूस, आणि चार मतं! साहित्यातलं राजकारण म्हणा, मला पटेल. पण ते लेखक-प्राध्यापकांचं राजकारण आहे.

(जाता जाता: ज्ञानपीठ हा अकादमीचा पुरस्कार नव्हे. तो भारतीय ज्ञानपीठ या खासगी न्यासाचा. या मजकुरात दोन्हींची सरमिसळ असतेच.)

राहिला वशिला. मराठीचा पुरस्कार ठरतो तो मराठी वाचणाऱ्यांकडून. आधी पात्र पुस्तकांची यादी, मग दहा जणांकडून शिफारशी, शेवटी तीन परीक्षक. एकमत झालं तर ठीक, नाहीतर बहुमत. कार्यकारी मंडळ त्यावर शिक्कामोर्तब करतं. पुस्तकही कालपरवाचं चालत नाही: सुधीर रसाळांच्या 'विंदांचे गद्यरूप'ला 2024चा पुरस्कार मिळाला, तेव्हा विचार झाला तो 2018 ते 2022 या काळातल्या पुस्तकांचा. म्हणजे 'यंदाचं गाजलेलं पुस्तक डावललं' ही ओरडही फुकाची. ते यंदा स्पर्धेतच नसतं.

त्या तिघांत ओळखीपाळखी नसतात का? असतात. मराठी साहित्याचं जग केवढंसं, आणि तीन माणसांत दोघांचं जुळलं की निकाल लागतो. इथे टीका जरूर करा, मीही करतो. मात्र त्यासाठी बघायचं ते परीक्षकांची नावं सुचवणाऱ्या, अकादमीच्या मराठी सल्लागार मंडळावर कोण आहे आणि ते तीन परीक्षक कोण होते. ही नावं मराठीच असतात, म्हणून ती घ्यायला जड जातं. मंत्र्याला शिव्या घालणं सोपं.